चित्राशेजारचा माणूस

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, की कळंबोलीतल्या आमच्या वर्गात एक चित्र दरवर्षी हजर होते. काळोख्या पार्श्वभूमीवर भारताचा आकार, त्यात लाल, निळे, हिरवे, पांढरे ठिपके आणि खाली एक ओळ: 'नासाने उपग्रहातून टिपलेली दिवाळीची रात्र'. पालकांच्या मोबाइलवरून ते येते आणि मुले मोठ्या कौतुकाने दाखवतात. काही वर्षांपूर्वी मीही ते वर्गातल्या पडद्यावर लावले आणि त्यावर पाचेक मिनिटे बोलले. बोलून झाल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, काही भागांत नुसते लालच दिवे आणि काही भागांत हिरवेच, असे कसे? आपल्या सोसायटीत तर सगळ्या रंगांच्या माळा असतात."

मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. ते चित्र एका रात्रीचे नव्हतेच. अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेतील शास्त्रज्ञ ख्रिस एल्व्हिज यांनी हवामान उपग्रहांनी अनेक वर्षांत गोळा केलेल्या माहितीवरून ते २००३ मध्ये तयार केले होते. १९९२ पूर्वीपासून जिथे दिवे दिसत होते तो भाग पांढरा. १९९२ मध्ये दिसू लागलेले दिवे निळे, १९९८ मध्ये दिसू लागलेले हिरवे आणि २००३ मध्ये दिसू लागलेले लाल. म्हणजे ते रंग दिव्यांचे नव्हतेच, वर्षांचे होते. आपल्या शहरांचा विस्तार कसा झाला हे सांगणारे ते एक उत्तम शास्त्रीय चित्र होते. २०१२ च्या दिवाळीत नासाने खरोखरच्या त्या रात्रीचे चित्र प्रसिद्ध केले. दिवाळीचा जादा प्रकाश इतका थोडा असतो की अवकाशातून तो बहुधा जाणवणारही नाही, असा खुलासाही त्यासोबत होता. तरी जुने चित्र फिरतेच आहे.

चित्रात चूक काहीच नव्हती. चूक चित्राशेजारी उभे राहून मी जे बोलले त्यात होती. ही चूक मला बरेच दिवस बोचत राहिली आणि त्या निमित्ताने एका जुन्या धंद्याचा इतिहास मी वाचू लागले. आपल्याला आवडलेले चित्र किंवा चित्रफीत निवडायची, चार जणांना दाखवायची आणि वर आपले म्हणणे जोडायचे, हे आज मोबाइल असलेला प्रत्येक जण करतो. ही मोबाइलची देणगी आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात हे काम फार जुने आहे. महाराष्ट्रात त्याची परंपरा चांगली भरघोस आहे, आणि तिच्या खुणा पाहायला कळंबोलीहून फार लांब जावे लागत नाही.

पिंगुळीची पोथी

आमच्या गावाजवळून जो मुंबई-गोवा महामार्ग सुरू होतो, तो धरून दक्षिणेला गेले की सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी लागते. तेथील ठाकर समाजातील चित्रकथी ही कला आज बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाल्यावर ती अधिक लोकांपर्यंत पोचली. पण आपण तिच्याकडे चित्रकला म्हणून पाहतो आणि तिथेच गफलत होते. ती चित्रे भिंतीवर टांगण्यासाठी काढलेली नव्हती. एका कथेची तीस-चाळीस चित्रे सुट्या कागदांवर काढलेली असत. त्या गठ्ठ्याला पोथी म्हणत. सांगणारा जमिनीवर बसून एकेक चित्र प्रेक्षकांसमोर उभे धरी, आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने गात-बोलत कथा पुढे नेई. सावंतवाडी संस्थानचा या कलेला आश्रय होता. चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख तर बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या सोमेश्वर राजाच्या ग्रंथातही आहे.

या पोथीतले एखादे युद्धाचे चित्र शिक्षकाच्या नजरेने पाहावे. दोन योद्धे समोरासमोर, धनुष्ये ताणलेली, डोळे मोठे. बाण सुटत नाही, कोणी पडत नाही. चित्र स्थिर आहे. बाण सुटतो तो सांगणाऱ्याच्या आवाजात. किती वेळ हे चित्र धरायचे, कुठे बोट ठेवायचे, कोणत्या शब्दाला पुढचे चित्र काढायचे, हे सारे त्याच्या हातात. थोडक्यात, न हलणाऱ्या चित्राला गती देणे हे निवेदकाचे काम होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

कल्याणची शांबरिक खरोलिका

दुसरी खूण उत्तरेला, शिळफाट्यावरून कल्याणला. तेथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, मुंबईत चलत्चित्रे येण्यापूर्वीच, 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ सुरू केले. नाव भारदस्त आहे, पण अर्थ सोपा: मायावी कंदील, म्हणजेच मॅजिक लँटर्न.

या कंदिलाचा जन्म युरोपातला. शनीची कडी कशी आहेत हे ज्यांनी ओळखले त्या क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५९ मध्ये अशा कंदिलासाठी हाडांच्या सापळ्याची चित्रे रेखाटली. सापळा स्वतःचे डोके काढून हातात घेतो अशी. पण हा गंभीर वृत्तीचा गृहस्थ आपल्या या खेळण्यामुळे ओशाळला होता. फ्रान्सच्या राजदरबारात दाखवायला ते पाठव, असा वडिलांनी लकडा लावला. तेव्हा हायगेन्स यांनी भावाला कळवले, की एखादे भिंग काढून टाक, म्हणजे ते चालणारच नाही! विज्ञानाला करमणुकीच्या पंगतीला बसवायचे की नाही, हा संकोच तेव्हापासूनचा आहे. आमच्या शिक्षक-खोलीतही तो अधूनमधून ऐकू येतो.

कंदिलाची रचना नववी-दहावीच्या पुस्तकातल्या भिंगांच्या धड्यात बसेल इतकी सोपी आहे. मागे अंतर्गोल आरसा, त्यापुढे दिवा, दिव्यासमोर काचेवर काढलेले चित्र आणि चित्रापुढे बहिर्गोल भिंग. काच उलटी घातली की पडद्यावर चित्र सुलटे पडते. समजा, भिंगाचे नाभीय अंतर १० सेंटिमीटर आहे आणि काच ११ सेंटिमीटरवर धरली. भिंगाच्या सूत्राने प्रतिमा ११० सेंटिमीटरवर मिळते आणि ती दहापट मोठी असते. तीन सेंटिमीटरचा हनुमान तीस सेंटिमीटरचा होतो. पण दहापट लांबी म्हणजे शंभरपट क्षेत्रफळ. तेवढाच प्रकाश शंभरपट जागेत पसरल्याने चित्र फिके पडते. म्हणूनच अंधार हवा, आणि दिवा जितका प्रखर तितका पडदा मोठा. हा प्रयोग बुटांचे खोके, टॉर्च, हातभिंग आणि पारदर्शक प्लास्टिकवर पेनने काढलेले चित्र एवढ्या सामानात होतो. मी केला आहे. काच आणि भिंग यांतले अंतर एखाद्या मिलिमीटरनेही चुकले की चित्र पुसट होते, एवढे सांभाळावे.

पटवर्धनांनी नुसता कंदील आणून विलायती चित्रे दाखवली असती, तर त्यांचे नाव घेण्याचे कारण नव्हते. त्यांनी काचा स्वतः रंगवून घेतल्या, विषय आपल्या पुराणांतले घेतले. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या पवित्र्यांची चित्रे एकामागून एक झपाट्याने बदलून हालचालीचा भास निर्माण केला. आणि या सगळ्याच्या जोडीला निवेदन, गाणी व वाद्ये असत. ज्या प्रेक्षकाने कीर्तन ऐकले होते, त्याला हे परके वाटण्याचे कारण नव्हते. बुवांच्या मागे नुसता उजळलेला पडदा आला होता.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हाच कंदील आरोग्य, शेती, सहकार या विषयांच्या प्रचाराला खेडोपाडी फिरला. डास, विहीर, बी-बियाणे यांच्या काचा आणि शेजारी उभा राहून बोलणारा माणूस. श्रोत्यांना प्रश्न पडला तर तो थांबून उत्तर देई, कारण काच तिथेच होती. पळून जात नव्हती.

पळणारे चित्र

चित्र पळू लागले ते ७ जुलै १८९६ ला. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा खेळ झाला. तिकीट एक रुपया, चित्रपट सहा, प्रत्येक जेमतेम मिनिटभराचा: स्थानकात येणारी गाडी, समुद्रस्नान, कारखान्यातून सुटलेले कामगार वगैरे. त्या सहांत भिंत पाडण्याचाही एक होता. ल्युमिएरांचा भिंत पाडण्याचा चित्रपट पुढे प्रक्षेपक उलटा फिरवूनही दाखवीत, आणि पडलेली भिंत धुरळ्यातून आपोआप उभी राही. काळाची दिशा हा विषय वर्गात काढायला याहून चांगले साधन मला सापडलेले नाही. आज मोबाइलवर कोणतीही फीत उलटी फिरवता येते. मुलांना दोन्ही दाखवावे आणि खरी कोणती ते कशावरून ओळखलेत, एवढेच विचारावे. चेंडू वर जाऊन खाली येणारी फीत उलटी केली तर मुले गोंधळतात; फुटलेले मडके उलटे जुळते तेव्हा एकही मूल फसत नाही.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी लगेच स्वतःचा कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांच्या स्वागताचा प्रसंगही त्यांनी चित्रित केला. आपल्याकडील अगदी पहिल्या बातमीपटांपैकी एक गणिताच्या विद्यार्थ्याच्या सत्काराचा होता, हे आमच्या गणिताच्या सरांना मी दरवर्षी एकदा तरी ऐकवते.

चित्र हलू लागल्यावर निवेदकाची गरज संपायला हवी होती. ती उलट वाढली. मूकपटात मधूनमधून पाट्या येत, पण त्या वाचता येणारे प्रेक्षक किती? दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मधल्या पाट्या इंग्रजी व हिंदीत होत्या. मग कोणीतरी त्या मोठ्याने वाची, अर्थ सांगे, प्रसंगाला पदरचे चार शब्द जोडी.

जपानमध्ये या माणसाला 'बेन्शी' म्हणत, आणि तिथे त्याचा मान नटांपेक्षा कमी नव्हता. पडद्याच्या बाजूला उभा राहून तो सर्व पात्रांचे संवाद बोले, परदेशी चालीरीती समजावून सांगे. अमुक बेन्शी आहे म्हणून लोक अमुक थिएटरात जात. त्याच्या बोलण्याने चित्रपटाचा अर्थ बदलू शकतो हे सरकारने ओळखले होते. तोक्योत १९१७ मध्ये बेन्शींसाठी परवाना पद्धत आली. चित्राला कात्री लावता येते, जिभेला कशी लावणार? मग बोलपट आले आणि हजारो बेन्शींची रोजी गेली. संप झाले, पण उपयोग झाला नाही. अकिरा कुरोसावा या थोर दिग्दर्शकाचे थोरले बंधू हेइगो हे अशा संपातले एक पुढारी. त्यांनी १९३३ मध्ये आत्महत्या केली. एका माणसाच्या अशा निर्णयाला एकच कारण असते असे म्हणू नये. पण आपला आवाज कोणाला नको झाला, हा घाव त्या पिढीतल्या कित्येकांनी सोसला.

आपल्याकडे 'आलम आरा' १९३१ मध्ये आला, पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये. पडद्याशेजारची जागा रिकामी झाली.

बटण नसलेली वर्षे

शाळेपुरते बोलायचे तर ही जागा पुढे जवळजवळ अर्धशतक रिकामीच राहिली. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर 'साइट' या उपग्रह प्रयोगातून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. पुण्यात १९८४ मध्ये बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली आणि मराठी मुलांसाठी शालेय कार्यक्रम बनू लागले. २०१७ मध्ये ती बंद झाली. माझ्या वयाच्या शिक्षकांनी हे कार्यक्रम विद्यार्थी म्हणून पाहिले आहेत. त्यात मेहनत होती, जिव्हाळाही होता. पण कार्यक्रम त्याच्या वेळेला लागे आणि त्याच्या वेगाने संपे. एखाद्या मुलाने "हे काय?" म्हणून विचारले, तर बाई ओठांवर बोट ठेवीत. त्यांचाही इलाज नव्हता. उत्तर देईपर्यंत पुढची चार चित्रे निघून जात. दूरचित्रवाणी संचाशेजारी शिक्षक उभा असे, पण त्याचे काम वर्ग शांत ठेवण्याचे.

पुढे व्हिडिओ, मग संगणक, मग मोबाइल आला आणि थांबवण्याचे बटण शिक्षकाच्या हाती आले. पुण्यात आयुकातील विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्याच्या छोट्या छोट्या फिती केल्या आणि इंटरनेटवर मोफत ठेवल्या. त्यातली गंमत अशी की चित्र तेच ठेवून निवेदन मराठी, हिंदी आणि इतर अनेक भाषांत वेगवेगळे ध्वनिमुद्रित केले. हात दिसतात, काडी दिसते, फुगा दिसतो, बोलणारा बदलतो. पिंगुळीची पोथी पुन्हा उघडल्यासारखे मला वाटले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकातच क्यूआर कोड घालून चित्रफिती मुलांच्या हाताशी आणल्या. त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांसोबत वाटून घेतला, हे वाचकांना आठवत असेल.

म्हणजे निवेदक परत आला, पण त्याचे काम उलटे झाले आहे. पिंगुळीचा कथेकरी थांबलेल्या चित्राला चालवीत होता. आज चित्र आपोआप धावते, संगीत लावून, दर दोन सेकंदांना दृश्य बदलून धावते. ते थांबवायचे काम आपल्याकडे आले. मी फीत लावते आणि पहिल्या दहा सेकंदांत एकदा तरी थांबवते. मुले कुरकुरतात. मग विचारते, पुढे काय होईल? मोठेपणा दाखवण्यासाठी नव्हे, माझाही त्यात फायदा होतो. थांबवल्याशिवाय मलाच दिसत नाही, की या फितीत काय दाखवलेले आहे आणि मी काय गृहीत धरते आहे. दिवाळीच्या चित्राच्या वेळी मी एक मिनिट थांबून रंगांकडे पाहिले असते, तर तो प्रश्न मलाच पडला असता.

वाटाणा आणि मूग

फाळक्यांची एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली आहे. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी पहिल्यांदा चित्रित केला तो वाटाणा. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या उगवण्याची चित्रे थोड्या थोड्या वेळाने, एकेक चौकट अशी घेतली. पडद्यावर रोप बघता बघता वर आले. हा चित्रपट पाहून त्यांना पुढच्या कामासाठी कर्ज देणारा माणूस मिळाला. भारतीय चित्रपटसृष्टी अशी एका वनस्पतिशास्त्राच्या धड्याच्या भांडवलावर उभी आहे!

गेल्या पावसाळ्यात ही हकिकत मी आठवीच्या वर्गाला सांगितली. मग इंटरनेटवरची बी रुजण्याची एक फीत लावली, आवाज पूर्ण बंद करून. निवेदन मुलांनी करायचे. पहिल्या खेपेला सगळ्यांनी तेच सांगितले, मूळ आले, कोंब आला, पाने आली. दुसऱ्या खेपेला आम्ही हिशेब मांडला. फीत वीस सेकंदांची, सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे ५०० चित्रे. दिवस दहा असे फितीवर लिहिले होते. दहा दिवसांची १४,४०० मिनिटे. म्हणजे साधारण २९ मिनिटांना एक चित्र. इतके झाल्यावर तिसऱ्या खेपेला निवेदन बदलले. एक मुलगा म्हणाला, कोंब वर येताना सरळ येत नाही, डुलत डुलत येतो. एरवी अबोल असणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, दहा दिवसांत रात्र एकदाही झाली नाही."

खरेच, फितीत उजेड कुठेच कमी होत नव्हता. मीही ती फीत पाच-सहा वेळा पाहिली होती. बहुधा दिवा सतत लावून ठेवला असावा. मग त्या दिव्याने रोपाच्या वाढीवर काही परिणाम झाला का? फीत यावर काही बोलत नव्हती आणि मीही बोलले नाही.

आता वर्गाच्या खिडकीत एका काचेच्या पेल्यात ओल्या कापसावर मूग ठेवले आहेत. जुना मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून उभा केला आहे, अर्ध्या तासाला एक चित्र. पहिला प्रयत्न फसला, कारण स्टील मार्केटकडे जाणाऱ्या अवजड ट्रेलरने रस्ता हादरला की थप्पी थोडी सरके, आणि फितीत मूग उड्या मारताना दिसले. थप्पी आता दोरीने बांधली आहे. रात्रीची चित्रे काळी येतात. ती काढून टाकायची की ठेवायची, यावर वर्गात दोन तट पडले आहेत.